पलीकडची भागूआक्का

माझ्या वडिलांनी आयुष्यात दोन पुस्तकं लिहिली. पहिलं बरं होतं, दुसरं भिकार, आणि लोकांना नेमकं दुसरंच आठवतं. परवा माझा नातू मोबाईलवर कुठलीशी परदेशी मालिका बघत बसला होता. त्यात एक मुलगी भिंतीतून पलीकडच्या जगात जाते, तिथं सगळं इथल्यासारखंच असतं, प्रत्येक माणसाला जोडीचा दुसरा माणूस असतो, वगैरे. मी सहज म्हटलं, हे तुझ्या पणजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तो मान वर न करता म्हणाला, "म्हणजे ते काळाच्या पुढे होते." आमच्या घराण्यात काळाच्या पुढे असणाऱ्यांची गर्दी फार, वेळेवर मात्र कोणी कधी पोचलं नाही. नातवाला मी आणखी काही सांगितलं नाही. त्याला ऐकायचंही नव्हतं.

वडील संगमनेरला हायस्कुलात मराठी शिकवायचे. जन्म सोनईच्या शेतकरी घरातला, पण ते कोणाला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःची जीभ घासून इतकी स्वच्छ केली होती की पुण्याची माणसंही त्यांच्यापुढे गावंढळ वाटावीत. सकाळी उठल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, त्याही घड्याळ लावून केल्यासारख्या लांबलचक; मग 'बाण, वीणा, प्राण, प्रमाण' असा मोठ्यानं पाठ. त्या आवाजानं आमच्या आळीतल्या कोंबड्यांनी आरवायचं सोडलं होतं असं शेजारी म्हणत. ण म्हणजे त्यांचा कुलदेवच. मुलगा पाणीला 'पानी' म्हणाला की ते वर्ग थांबवत आणि त्याच्याकडून तो शब्द शंभरदा म्हणवून घेत. मला बोलता यायला लागलं तेव्हा मी आईला 'आये' म्हणत असे. तेही त्यांनी सोडवलं. म्हणाले, 'आई' म्हणावं, 'आये' गुराखी म्हणतात.

आणि ज्या बाईला 'आई' म्हणायचं ती काष्टीची, चौथी पास, बोट ठेवून वाचणारी, आणि बोलणं अस्सल श्रीगोंद्याकडचं. हाय, न्हाई, व्हय, लई. अठरा-वीस वर्षं संसार झाला तरी वडिलांच्या गुळण्यांचा एक थेंब तिच्यावर उडाला नव्हता. बाहेरच्या खोलीत कोणी विद्वान आले की वडील आत येऊन हळूच सांगत, "चहा पडद्याआडून दे, आणि बोलू नकोस." ती बोलत नसे. पाहुणे गेल्यावर मात्र चुलीपुढे बसून त्यांची अशी काही टिंगल करायची की मी हसून हसून पोट धरत असे. घर एवढंसं, पण बाहेरच्या खोलीतलं मराठी आणि आतलं मराठी यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मी दोन्ही बोलत असे, पडदा ओलांडला की जीभ बदलायची. याचा मला त्या वयात मोठा अभिमान होता.

वडिलांचं पहिलं पुस्तक मुलांसाठी होतं. मंजिरी नावाची मुलगी गावाबाहेरच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, उतरते. बारवेला दोन बाजूंनी पायऱ्या. एका बाजूनं उतरायचं आणि समोरच्या बाजूनं चढायचं, की वर दुसरं गाव. तेच देऊळ, तोच पार, तीच माणसं, पण थोडी निराळी: इकडचा कंजूष वाणी तिकडे उदार, इकडचा मास्तर तिकडे विद्यार्थी. कल्पना चांगली होती, आजही म्हणेन. बारव त्यांनी लहानपणी पाहिलेली होती म्हणून तिच्या पायऱ्यांवरचं शेवाळ तेवढं खरं उतरलं होतं. पोरांनी ते पुस्तक फाटेपर्यंत वाचलं. मी आईला गोष्ट सांगितली तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लगीन झालं का बाईमानूस दुसऱ्याच जगात जातंय की गं. त्याला बारव कशाला पायजे?" मी ते वडिलांना सांगितलं. त्यांनी कपाळाला आठी घातली.

नगरच्या प्रकाशकानं दुसरा भाग मागितला आणि आमच्या घरावर संकट आलं. मी तेव्हा अकरावी होऊन घरी बसले होते. दुष्काळाचं साल. प्रवरेचं पात्र नुसते गोटे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे व्हायची. कालवणाला बहुतेक दिवस हुलग्याचे शेंगोळे. अशा दिवसांत वडील बाहेरच्या खोलीत बसून चंद्रमण्याच्या शोधात निघालेल्या मंजिरीचं साहस लिहीत होते, आणि त्या साहसात दर दोन पानांनी मेजवान्या होत्या. मी मुद्रणप्रत करत असे, म्हणजे त्यांचं लिखाण सुवाच्य अक्षरात उतरवून काढत असे. 'समांतर विश्व', 'प्रतिव्यक्ती', 'अंतर्द्वार' असले शब्द उतरवताना बोटं दुखायची. पलीकडच्या माणसाला 'प्रतिव्यक्ती' म्हणणारा लेखक मुलांसाठी लिहितो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाराही ते नसते ऐकून घेणारे.

प्रकाशकानं पहिली पन्नास पानं वाचून परत पाठवली. दोन्ही जगांतली माणसं सारखीच बोलतात, मुलगी कुठल्या जगात आहे ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. माणूस व्यवहारी होता, पण बोलला ते खरं. वडील दोन दिवस ती पानं उलटीसुलटी करत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं: पलीकडची माणसं गावरान बोलतील! सुचलं खरं, पण लिहायला बसले तर एक वाक्य उतरेना. जी भाषा त्यांनी तीस वर्षं मिठाच्या पाण्यानं धुऊन काढली होती ती परत कुठून आणणार? त्यांनी लिहिलेलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "अहो पाटील, आपण कुठे निघाले हायेत?" मी ते वाचून आत जाऊन हसले. मग त्यांनी मला बोलावलं, एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "तुझी आई बोलते ते टिपून ठेव. तिला सांगू नकोस, नाहीतर ती अवघडून बोलेल."

मी टिपलं. कर्तव्य म्हणून नव्हे, मला ते आवडलं म्हणून. चुलीजवळ वही घेऊन बसायचं, काहीतरी विचारायचं आणि ऐकायचं. मिलोच्या भाकरीवरून ती म्हणाली, "ही जवारी न्हाई बाई, रुसल्याली ननंद हाय. हात लावला का फुटती." नळाला पाणी आलं का विचारलं तर, "नळाला कुठलं पानी? डोळ्याला हाय तेवढंच, ते बी जपून वापरा." तिनं एकदा विचारलं, "काय लिव्हती गं सारखी?" मी म्हटलं, "अभ्यास." ती म्हणाली, "अकरावी झाल्यावर बी अभ्यास ऱ्हातुय व्हय?" तेही मी लिहून घेतलं. मग नुसतं टिपण्यावर माझं भागेना. वडिलांनी पलीकडे मंजिरीच्या आईची प्रतिव्यक्ती उभी केली होती, भागूआक्का नावाची. तिच्या तोंडी ही वाक्यं कुठं घालायची ते मीच ठरवू लागले, आणि ठरवता ठरवता तिचे प्रसंगच्या प्रसंग लिहू लागले. मंजिरी विचारते, "मार्ग कोणता?" भागूआक्का मागं वळून बघते आणि म्हणते, "मागं कोन न्हाई गं, तुझीच सावली हाय." हे माझं. वडिलांनी वाचलं, दोन ठिकाणी विरामचिन्हं बदलली आणि आपलं म्हणून ठेवून दिलं. मला त्याचा राग आला नाही, उलट धन्य वाटलं. सतरा वर्षांची मुलगी किती मूर्ख असू शकते याचा मी नमुना होते.

भागूआक्का ही त्या पुस्तकातली हसण्याची बाई, एवढं तर मी अजून सांगितलंच नाही. ती सगळं उलटं ऐकते, मंजिरीला चुकीच्या वाटेला लावते, राजदरबारात तोंड उघडते आणि दरबार हसतो. शेवटच्या प्रकरणात मंजिरी तिला शुद्ध बोलायला शिकवते, ती 'पाणी' म्हणते, सगळे टाळ्या वाजवतात आणि चंद्रमणी सापडतो. हा शेवट वडिलांचा स्वतःचा होता. असला शेवट सुचायला फार वर्षं मास्तरकी करावी लागते.

प्रुफं आली तेव्हा तपासायची रीत अशी: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-उद्गारचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं छापील कागदावर बोट फिरवत जायचं. वडील वाचत, मी बघत असे. भागूआक्काचं पान आलं की वडिलांना चेव यायचा. तीस वर्षं दाबून ठेवलेला सोनईचा पोरगा बाहेर यायचा म्हणा ना. लिहिता येत नव्हतं तरी समोर लिहिलेलं असलं की ते आवाज काढून, हातवारे करून वाचत. त्या दुपारी ते असेच वाचत होते आणि आई पडद्याशी येऊन उभी राहिली. हाताला पीठ, चेहरा खुललेला.

"अवो, कोन हाय ती बाई?" तिनं विचारलं. "आमच्या काष्टीकडची दिसती!"

पुस्तकात आपल्याकडची बाई आलीय म्हणून तिला आनंद झाला होता. वडिलांच्या पुस्तकात, जिथं आजवर नुसत्या 'प्रतिव्यक्ती' राहत होत्या. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "वाचा की फुडं." वडील पुढं वाचू लागले. आता निम्म्या आवाजात. दरबाराचं पान होतं. भागूआक्का राजाला म्हणते, नळाला पाणी नाही, डोळ्याला आहे. आणि 'संपूर्ण दरबार तिच्या अडाणीपणावर खदखदून हसला, पूर्णविराम.' पुढचं ननंदेचं वाक्य. परत दरबार हसला. आईच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं, नुसतं बिनकामाचं, आणि ती उठून आत गेली. मी मान खाली घालून प्रुफावर बोट ठेवून बसले. वडील म्हणाले, "चल, पुढची ओळ."

दुसऱ्या दिवशी मला प्रुफं घेऊन नगरला जायचं होतं. वडिलांना परीक्षेचं काम होतं, शिवाय 'माझी मुलगी एकटी नगरला जाते' असं शिक्षकांच्या खोलीत सांगायची त्यांना हौस होती. पहाटे आई फडक्यात भाकरी-चटणी बांधत होती. बांधता बांधता खाली बघूनच म्हणाली, "सुमे, त्या छापनाऱ्याला सांग, माझं बोलनं तेवढं काढून टाक म्हनावं. बाकीचं ऱ्हाऊ दे. ते आपलं घरातलं हाय, लोकांनी हसाया न्हाई." मी म्हटलं, वडिलांना विचारते. ती म्हणाली, "इचारलं मी राती. त्ये म्हनले, हे साहित्य हाय, तुला कळायचं न्हाई." मग तिनं गाठ मारली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुझ्या हातात हाय न्हवं? तूच नेती कागद." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, एवढं माझ्या बाजूनं सांगते, आणि माझ्या बाजूनं सांगण्यासारखं या प्रकरणात दुसरं काही नाही.

एसटीत मी पेन्सिलीनं भागूआक्काची सगळी वाक्यं अधोरेखित केली, म्हणजे छापखान्यात काढायला सोपी. छापखाना एका बोळात होता. शाईचा आणि रॉकेलचा वास, पायानं चालवायच्या मशिनीचा खडखडाट, आणि अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा तुकाराम कंपोझिटर, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं कागद हातात घेतले, भागूआक्काचं पान काढलं आणि मला काही बोलूच दिलं नाही.

"ताई, ही बाई कुनी लिव्हली?"

"वडिलांनी."

"न्हाई. गुरुजींचं पयलं पुस्तक बी मीच जुळवलंय. त्यांचं लिखान आलं का माज्या खनातले ण संपत्यात, शेजारच्या छापखान्यातनं उसने आनाया लागत्यात. ह्या बाईच्या बोलन्याला ण लागतच न्हाई. हे दुसऱ्या हातचं हाय. मशिनीवरचं पोरगं जेवाया बसलं तरी हीच पानं मागतंय वाचाया. ज्यानं लिव्हलं त्याला आमचा नमस्कार सांगा."

मी म्हटलं, "मी लिहिलंय."

आयुष्यात एवढ्या एकाच माणसाला मी हे सांगितलं. त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि खरोखरच हात जोडले. मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. पाय जमिनीला लागेनात. तरी मी विचारलं, तेवढी चूक माझ्या नावावर नको म्हणून विचारलं, "ही वाक्यं काढायची झाली तर फार त्रास होईल का?" तो म्हणाला, "तरास कसला? अर्ध्या तासाचं काम. खिळे परत खनात. पर मग पुस्तकात ऱ्हायलं काय? चंद्रमनी?" आणि तो हसला. मीही हसले. मग त्याच्याकडून रबर मागून घेतलं आणि एसटीत मारलेल्या पेन्सिलीच्या सगळ्या रेघा खोडून टाकल्या. वर एका ठिकाणी त्यानं 'ननंद' बदलून 'नणंद' केलं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं, कारण भागूआक्का तसं बोलली नसती. अशी मी काळजी घेतली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दारात होती. "काढलं का?" मी म्हटलं, "काढलं." तिनं मला गूळ-पाणी दिलं, पाय धुवायला तिच्या वाटणीच्या कळशीतलं पाणी दिलं. त्या साली कोणी कोणाला पाय धुवायला पाणी देत नव्हतं.

पुस्तक दिवाळीच्या सुमाराला आलं. वडिलांनी हेडमास्तरांना, सुपरवायझरांना, लायब्ररीला प्रती वाटल्या. एक प्रत देवापुढे ठेवली, आईनं तिला हळद-कुंकू वाहिलं. चार दिवसांनी मी दुपारी घरी आले तर ती पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, बोट दरबाराच्या पानावर. मी दारातच थांबले. तिनं पान मिटलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "हातपाय धू, जेवाया वाढती." मला वाटलं, ओरडेल, रडेल. तसं काही झालं नाही. काढलं का, हे तिनं परत कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, आणि वडिलांनीच तिचं बोलणं टिपलं असेल असं तिला वाटत असणार, या समजुतीवर मी पुढं चाळीस वर्षं आरामात झोपले.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती वडिलांना म्हणाली, "आज ऊण फार आहे."

वडिलांचा घास हातातच राहिला. मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "दुकाणातूण साखर आणायची आहे. माझ्या मणात होतं." तिला एवढंच समजलं होतं की शुद्ध बोलायचं म्हणजे ण लावायचा, आणि तिनं तो लावला, हाताला लागेल तिथं. वडील हसले. ठसका लागेपर्यंत हसले. आणि ही शरमेची गोष्ट लिहायलाच हवी: मीही हसले. ती हसली नाही. पुढचे कित्येक महिने ती एकेक शब्द निवडत राहिली, धान्यातले खडे निवडावेत तशी, कुठं न, कुठं ण. वडील सुधारत राहिले: "ऊन, ऊन. बाणाचा नव्हे." दोन वर्षांत ती वडिलांच्या हेडमास्तरांपेक्षा स्वच्छ बोलू लागली. पाहुणे आले की आता ती पडदा सारून बाहेर येऊन 'बसा ना' म्हणायची. वडिलांनी हे आपल्या पुस्तकाचं यश मानलं आणि तसं एका सत्काराच्या भाषणात सांगितलंही; लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचं बोलणं मात्र कमी झालं. पाहुणे गेल्यावरची टिंगल बंद झाली. ननंद, जवारी, डोळ्याचं पानी, ही वाक्यं त्या स्वच्छ भाषेत होतच नाहीत, करून बघा.

गेल्या वर्षी एका कॉलेजातले प्राध्यापक आले होते. वडिलांच्या दुसऱ्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणत होते. बोलीभाषेचा कान असलेला उपेक्षित लेखक, असं काहीसं त्यांनी ठरवून आणलं होतं. मी चहा दिला आणि परवानगी दिली नाही. ते गेल्यावर पुस्तक काढून भागूआक्काची तेवढी पानं वाचली. अधूनमधून वाचते. चंद्रमण्याकडं बघत नाही.

आई गेली त्याच्या आदल्या महिन्यात मी तिच्याजवळ राहायला गेले होते. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती, आता घरात गुळण्या करणारं कोणी नव्हतं. एक दिवस तिला पेज भरवत होते, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "आये, एकदा तुझं बोल की गं. पयल्यासारखं. काष्टीचं." माझं मलाच खोटं वाटलं, इतक्या वर्षांनी ती जीभ मलाही वळत नव्हती. ती विचार करत राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. खरोखरच शोधत होती. मग मान हलवून, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत म्हणाली, "नाही गं येत आता. तुझ्या पुस्तकात आहे ना ते सगळं? तिथं बघ."

'यांच्या पुस्तकात' असं नाही म्हणाली. 'तुझ्या' म्हणाली. आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत राहिली.